आज्ञेने आलेली लोकसत्ता

राज्यघटना म्हणजे राज्याची सत्ता कोठून येते, ती कोणाच्या हाती राहते आणि तिला मर्यादा कोण घालतो हे सांगणारा मूलभूत कायदा, अशी व्याख्या केली की लगेच एक तात्त्विक अडचण उभी राहते. कायदा करण्याचा अधिकार घटनेतून मिळतो हे मान्य केले तर घटना करण्याचा अधिकार कोठून मिळाला हा प्रश्न अनुत्तरित राहतो, आणि त्याचे उत्तर घटनेच्या आत सापडत नाही. जुन्या राज्यशास्त्रात हे उत्तर ईश्वर, वंश, विजय किंवा करार यांपैकी एकात शोधले जाई, तर आधुनिक काळात ते जनतेत शोधले जाते. भारतात फार थोड्या प्रदेशांना ही सगळी उत्तरे एकाच पिढीत, एकामागून एक, तपासून पाहावी लागली. मराठवाडा हा त्यांपैकी एक. आज लातूर जिल्ह्यात असलेली आणि आपल्या नावाच्या गोवंशामुळे दूरवर माहीत असलेली देवणी १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्याच्या उदगीर तालुक्यात, म्हणजे प्रथम निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात होती. त्या राज्याच्या घटनेचा इतिहास वरवर पाहता समित्या, फर्माने आणि करार यांचा आहे, पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा आहे.

हैदराबादची सत्ता आरंभापासूनच उसनी होती. मीर कमरुद्दीन खान याने १७२४ मध्ये शकरखेड्याच्या लढाईनंतर दख्खनचा कारभार स्वतंत्रपणे हाती घेतला खरा, पण त्याने व त्याच्या वंशजांनी राजपद जाहीर केले नाही. ते दिल्लीच्या बादशहाचे सुभेदार म्हणवून घेत राहिले आणि नाणी १८५७ च्या उठावानंतर बादशाही संपेपर्यंत बादशहाच्या नावानेच पडत होती. बादशहा गेल्यावर त्याची जागा ब्रिटिश राजसत्तेने घेतली. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने ब्रिटिशांच्या ताब्यातील वऱ्हाड परत मिळवण्याच्या प्रश्नावर बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा प्रयत्न केला तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी मार्च १९२६ मधील पत्रात, ब्रिटिश सार्वभौमत्व सर्वश्रेष्ठ असून कोणत्याही संस्थानिकाला समान दर्जा नाही, असे स्पष्ट कळवले. सार्वभौमत्व, म्हणजे ज्याच्या वर दुसरा अधिकारी नाही अशी अंतिम सत्ता, या अर्थाने पाहिले तर निजाम कधीच सार्वभौम नव्हता. रयतेच्या दृष्टीने मात्र त्याच्या वर कोणी नव्हते, आणि या दोन गोष्टींमधील अंतर संस्थानाच्या घटनात्मक इतिहासात शेवटपर्यंत जाणवत राहते.

एकोणिसाव्या शतकात कारभाराला घडी बसली ती पहिल्या सालारजंगाच्या दिवाणगिरीत. जिल्हे आखले गेले, महसूल व न्याय यांची खाती वेगळी झाली, पगारी अधिकारी आले. १८९२ च्या कानूनचा-ए-मुबारकने मंत्रिमंडळाचे अधिकार ठरवले, पाठोपाठ एक लहानसे कायदेमंडळ आले आणि १९१९ मध्ये सर अली इमाम यांच्या अध्यक्षतेखाली कार्यकारी मंडळ स्थापन झाले. हा सारा तपशील सुधारित प्रशासनाचा आहे, घटनेचा नव्हे. कारण यांपैकी प्रत्येक संस्था फर्मानाने, म्हणजे राजाच्या लेखी आज्ञेने, निर्माण झाली होती आणि दुसऱ्या फर्मानाने ती मोडता येत होती. शिवाय राज्याच्या मोठ्या भागावर हा कारभारही पुरता लागू नव्हता. दिवाणी, म्हणजे थेट सरकारी कारभाराखालील, मुलखाखेरीज निजामाच्या खाजगी खर्चासाठी राखलेला सर्फ-ए-खासचा मुलूख होता, पायगा, म्हणजे निजामासाठी फौज बाळगणाऱ्या, सरदारांचे आणि जहागीरदारांचे मुलूख होते, आणि त्यांतील रयतेचा सारा, न्याय आणि पोलीस बहुतांशी त्या त्या धन्याच्या हाती असत. एकाच राज्यातील शेजारच्या दोन गावांना दोन वेगळे धनी असणे ही तेथील रोजची गोष्ट होती.

घटनेचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला तो १९३७ मध्ये, दिवाण बहादूर अरवमुदू अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमली गेली तेव्हा. त्याच वर्षी परतूरला संस्थानातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले होते आणि जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे मंत्रिमंडळ लोकनियुक्त सभेला उत्तरदायी असेल अशा पद्धतीची मागणी मराठी भागात उघडपणे होऊ लागली होती. समितीच्या अहवालावर आधारलेली योजना जुलै १९३९ मध्ये जाहीर झाली. तिच्यात प्रदेशवार मतदारसंघांऐवजी हितसंबंधांनुसार प्रतिनिधित्व होते, म्हणजे शेतकरी, जहागीरदार, व्यापारी, वकील, कामगार अशा गटांनी आपापले सभासद निवडायचे होते. मतदारसंघ हिंदू-मुसलमानांचे संयुक्त ठेवले होते, पण जागा मात्र दोघांना समसमान दिल्या होत्या. १९४१ च्या गणनेत संस्थानची लोकसंख्या १ कोटी ६३ लाखांच्या घरात होती आणि मुसलमान तिच्या सुमारे एक-अष्टमांश होते, हे लक्षात घेतले की या समानतेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

तरीही या योजनेतील सर्वांत विचार करण्याजोगा भाग जागांची वाटणी हा नाही, तर तिच्या आरंभी मांडलेली भूमिका हा आहे. राजा हा स्वतःच्या ठायी प्रजेचे थेट प्रतिनिधित्व करतो. निवडून येणारे सभासद येतात आणि जातात, पण राजाचे प्रजेशी असलेले नाते अधिक नैसर्गिक आणि टिकाऊ असते. म्हणून प्रजेचे सार्वभौमत्व राजाच्या रूपाने मूर्त झालेले असते, असा तिचा आशय होता. ही केवळ दरबारी खुशामत नव्हे. थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्ववेत्त्याच्या १६५१ मधील ‘लेव्हायथन’ या ग्रंथाच्या मुखपृष्ठचित्रात असंख्य माणसांच्या देहांनी बनलेला एक प्रचंड राजा दाखवला आहे, आणि त्यामागील युक्तिवाद हाच आहे की लोकसमूह एक होतो तो त्याच्या प्रतिनिधीच्या ठायी, एरवी तो विखुरलेला जमाव असतो. हैदराबादच्या योजनेने लोकसत्तेचे नाव नाकारले नाही, उलट ते स्वीकारून राजाच्या अंगावर घातले. दोष होता तो युक्तिवादाच्या एका गाळलेल्या पायरीत. हॉब्जच्या विचारात माणसे निदान कल्पनेत तरी करार करून प्रतिनिधी नेमतात. निजामाला नेमणारा असा करार कल्पनेतही कोणी दाखवला नव्हता, आणि एखादा माणूस आपला प्रतिनिधी नाही असे म्हणण्याची मुभा ज्याला नाही, त्याचे प्रतिनिधित्व होत आहे की फक्त त्याच्या नावाने बोलले जात आहे, हे ठरवायला काही साधन उरत नाही.

सभाबंदीसाठी कुप्रसिद्ध झालेल्या ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाने ही मुभा नेमकी काढून घेतली होती. गश्ती म्हणजे खात्यांकडे फिरवले जाणारे सरकारी परिपत्रक; त्यानुसार जाहीर सभेला पूर्वपरवानगी लागे. प्रार्थनास्थळे बांधणे वा दुरुस्त करणे यांवर उमूर-ए-मजहबी, म्हणजे धार्मिक बाबींचे खाते, देखरेख ठेवी. निलंगा आणि उदगीर या देवणीच्या शेजारच्या गावांत या दोन निर्बंधांची झळ एकदमच बसली. निलंग्यातील आर्य समाजाच्या हवनकुंडाचा तंटा चिघळला. उदगीरचे आर्य समाजी वकील भाई श्यामलाल १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात मरण पावले. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती नीट स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासह अनेकांनी सत्याग्रह केला. आर्य समाजाची मागणी धार्मिक स्वातंत्र्याची होती आणि स्टेट काँग्रेसची राजकीय हक्कांची, असा भेद तेव्हा काळजीपूर्वक केला जाई, आणि चळवळीच्या डावपेचांसाठी तो आवश्यकही होता. परंतु ज्या राज्यात सभा आणि पूजा दोहोंना एकाच सत्तेची परवानगी लागते तेथे तो भेद फार काळ टिकत नाही.

निजामाची राजवट धर्मांध होती एवढे सांगून हा विषय आटोपता येत नाही. मंदिरांना जुनी इनामे चालू होती, हिंदू देशमुख-देशपांडे महसुलाचा कणा होते, किशन प्रसाद यांच्यासारखे हिंदू गृहस्थ सर्वोच्च पदावर बसले होते आणि निजाम स्वतः दोन्ही समाजांना आपले दोन डोळे म्हणवीत असे. राजाने सर्व धर्मांचा प्रतिपाळ करावा ही कल्पना भारतीय राजधर्माला परकी नाही. मराठी दौलतीतही ती होती. पण प्रतिपाळ आणि हक्क यांत मूलभूत फरक आहे. प्रतिपाळ राजाच्या मर्जीवर असतो आणि त्याबद्दल कृतज्ञता अपेक्षित असते, तर हक्क मर्जी फिरल्यावरही शिल्लक राहतो. १९३९ च्या योजनेत मर्जी भरपूर होती.

राजा म्हणजे मूर्त प्रजा हा सिद्धांत दुसऱ्या बाजूनेही उसवला गेला. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेने, विशेषतः बहादुर यार जंग यांच्या नेतृत्वाखाली, निजाम व त्याचे तख्त हे राज्यातील मुसलमान समाजाच्या राजकीय सत्तेचे प्रतीक आहे, म्हणजे खरा सार्वभौम तो समाज आहे, अशी मांडणी केली. ‘अनल मलिक’, म्हणजे ‘मी राजा आहे’, हे घोषवाक्य त्यातूनच आले. वरकरणी ही राजनिष्ठा वाटते, पण प्रत्यक्षात तिने राजाला मालकाच्या जागेवरून विश्वस्ताच्या जागेवर आणले होते, आणि सत्ता खालून येते ही आधुनिक कल्पना उचलून तिला एका धर्मसमाजाचे कुंपण घातले होते. इस्लामी विचारात अंतिम सत्ता ईश्वराची असते, आणि निजामाच्या ध्वजावरही मोठेपण ईश्वराचेच या अर्थाचे शब्द होते; त्या दृष्टीने पाहता एखाद्या जनसमूहाने स्वतःला सार्वभौम म्हणवणे ही त्या धर्मविचारापासूनही फारकतच होती. लातूरला वकिली करणारा कासीम रझवी १९४६ मध्ये या संघटनेचा अध्यक्ष झाला आणि तिच्या रझाकार या स्वयंसेवक दलाच्या हातात शस्त्रे आली, तेव्हा या सिद्धांताचा उरलासुरला तात्त्विक भाग संपला.

याच परिसरातील बाराव्या शतकाच्या एका वारशाचा उल्लेख येथे करावा लागतो, कारण तो अलीकडे वारंवार केला जातो. बसवकल्याणचा अनुभवमंटप म्हणजे जगातील पहिली संसद, असे व्याख्यानांतून ठासून सांगितले जाते. बसवण्णा आणि अल्लमप्रभू यांच्याभोवतीच्या त्या शरणांच्या, म्हणजे शिवभक्तांच्या, मेळ्याला कर बसवण्याचा, कायदा करण्याचा किंवा राजाला जाब विचारण्याचा अधिकार नव्हता, त्यामुळे संसद हे नाव त्याला देणे म्हणजे त्याच्यावर उपकार करण्याच्या भरात त्याला भलत्याच पदावर बसवणे होय. त्याचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. जन्म आणि धंदा यांवरून माणसाच्या बोलण्याचे वजन ठरत नाही हे तत्त्व तेथे आचरले गेले, आणि प्रौढ मताधिकार त्याच तत्त्वाशिवाय उभा राहत नाही.

१९४७ च्या जूनमध्ये निजामाने फर्मान काढून, हैदराबाद भारत व पाकिस्तान या दोहोंपैकी कोणत्याही घटना समितीत प्रतिनिधी पाठवणार नाही आणि ब्रिटिश सत्ता संपताच ते स्वतंत्र होईल, असे जाहीर केले. ब्रिटिशांची अधिसत्ता लोप पावली की संस्थानिक आपोआप सार्वभौम होतात हा दावा कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच महिन्यात निवेदन काढून दाखवून दिले. नोव्हेंबरात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला, पुढच्या सप्टेंबरात १३ ते १७ या पाच दिवसांत लष्करी कारवाई होऊन संस्थान शरण आले, आणि मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. यानंतर जे घडले ते घटनाशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण आहे. निजामाला पदच्युत केले गेले नाही. उलट त्याच्याच फर्मानाने लष्करी गव्हर्नरला कायदे करण्याचे अधिकार मिळाले, आणि त्या अधिकारात १९४९ मध्ये सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन झाला व ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द झाल्या. सरंजामशाही मोडली ती सरंजामशाहीच्या शिरोमणीच्या सहीने.

घटनेचेही तसेच झाले. भारताच्या घटना समितीत हैदराबादच्या वाट्याच्या १६ जागा शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. देवणी, उदगीर, नांदेड, औरंगाबाद येथील एकाही माणसाच्या वतीने त्या सभागृहात मत पडले नाही. संस्थानांनी आपापली स्वतंत्र घटना करावी ही कल्पना मे १९४९ मध्ये सोडून देण्यात आली होती आणि सर्व घटक राज्यांची राज्यव्यवस्था भारताच्या संविधानातच समाविष्ट करायचे ठरले होते; अमेरिकेतील प्रत्येक राज्याला जशी स्वतःची घटना आहे तशी भारतात, जम्मू-काश्मीरचा पुढील काळातील, २०१९ पर्यंतचा अपवाद सोडता, कोणत्याही राज्याला नाही. त्यामुळे हैदराबादची घटना म्हणजे भारतीय संविधानाचा हैदराबादला लागू होणारा भाग, आणि तो लागू झाला नोव्हेंबर १९४९ मधील निजामाच्या फर्मानाने, ज्यात होऊ घातलेले संविधान हेच या राज्याचेही संविधान राहील आणि त्याच्याशी विसंगत असे जुने सर्व नियम रद्द होतील असे म्हटले होते. ‘आम्ही भारताचे लोक’ असे स्वतःविषयी म्हणणारा दस्तऐवज मराठवाड्यात एका वंशपरंपरागत राजाच्या आज्ञेने आला. एवढेच नव्हे तर संविधानाने त्या राजाला नावानिशी जागाही दिली. जुन्या संस्थानांची जी ‘भाग ब’ राज्ये बनली त्यांचा प्रमुख राज्यपाल नसून राजप्रमुख असे, आणि व्याख्यांच्या ३६६ व्या अनुच्छेदात हैदराबादचा राजप्रमुख म्हणजे राष्ट्रपतींनी मान्य केलेला हैदराबादचा निजाम, असे लिहिले गेले.

त्या फर्मानाच्या साधारण महिनाभर आधी, १७ ऑक्टोबर १९४९ रोजी, घटना समितीत संविधानाच्या उद्देशिकेवर चर्चा झाली होती. ह. वि. कामत यांनी तिचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा अशी दुरुस्ती मांडली. हृदयनाथ कुंझरू यांनी, श्रद्धेच्या बाबतीत सामुदायिक मत कोणावर लादले जाऊ नये, म्हणून तिला विरोध केला आणि ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. सत्तेचे अंतिम मूळ ईश्वरात आहे की माणसात, हा प्रश्न मतदानाने सुटत नाही, आणि सभागृहानेही तो सोडवला असे म्हणता येणार नाही. राज्याच्या दस्तऐवजाने त्याचे उत्तर देऊ नये एवढेच त्याने ठरवले. या निर्णयाचे मोल हैदराबादच्या प्रजेला इतरांहून अधिक कळायला हवे होते, कारण ईश्वर, राजा, धर्मसमाज आणि प्रजा या चौघांच्या नावाने केलेले सत्तेचे दावे तिने दहा वर्षांत ऐकले होते.

परंतु ‘लोक’ म्हणजे कोण हा प्रश्न येथे रक्ताने विचारला गेला होता आणि त्याला वगळून घटनेचा इतिहास लिहिणे अप्रामाणिक ठरेल. रझाकारांचे अत्याचार मराठवाड्याच्या स्मृतीत आहेत आणि पाठ्यपुस्तकांतही. लष्करी कारवाईनंतर मुसलमानांवर झालेल्या हिंसेची पाहणी केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने केली, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे नमूद केले. तो अहवाल अनेक दशके प्रकाशात आला नाही. सतरा सप्टेंबरला मुक्तिदिन साजरा करणाऱ्या प्रदेशाने हेही लक्षात ठेवावे, कारण अनल मलिक या घोषणेतील दोष ती देणाऱ्या धर्माचा नव्हता. राज्य एका समाजाचे आणि बाकीचे त्याच्या मर्जीवर, ही कल्पनाच सदोष होती, आणि ती समाज बदलून उलटी फिरवता येते हे त्या आठवड्यांत दिसून आले.

मग आज्ञेने आलेली लोकसत्ता खरी की खोटी? करारवादी विचाराने उत्तर द्यायचे तर ती खोटी, कारण संमती विचारली गेली नाही. पण त्या निकषावर जगातील जवळजवळ प्रत्येक घटना खोटी ठरेल. फिलाडेल्फियात १७८७ मध्ये जमलेल्यांनी गुलामांना आणि स्त्रियांना विचारले नव्हते. अधिक समाधानकारक उत्तर असे की घटनेची वैधता तिच्या जन्माच्या क्षणात नसते, ज्यांना विचारले नव्हते त्यांना पुढे ती बदलण्याचे, तिच्याखालील सरकार पाडण्याचे आणि तिच्या आधारे सत्तेला न्यायालयात खेचण्याचे साधन मिळाले की नाही यावर ती ठरते. हैदराबादमध्ये हे साधन टप्प्याटप्प्याने आले. १९५० मधला हैदराबादचा कूळकायदा, ज्याने मराठवाड्यातील कुळांचे जमिनीशी असलेले नाते बदलले, तो मुलकी अधिकारी एम. के. वेल्लोडी मुख्यमंत्री असताना आणि एकही निवडून आलेला आमदार नसताना झाला. १९५२ मध्ये १७५ जागांच्या विधानसभेची प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली, काँग्रेसला ९३ जागा मिळाल्या, तेलंगणातील सशस्त्र लढ्यातून आलेला डावा गट मोठा विरोधी पक्ष झाला आणि बुर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. कालपर्यंत बंदुका घेतलेले लोक विरोधी बाकांवर येऊन बसले, ही गोष्ट कोणत्याही फर्मानाहून अधिक घटनात्मक होती.

हे राज्य पुढे जेमतेम साडेचार वर्षे टिकले. संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार संसद साध्या कायद्याने राज्य निर्माण करू शकते, मोडू शकते, त्याच्या सीमा बदलू शकते. राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे लागते, मानावे लागत नाही. म्हणजे भारतात सार्वभौम आहेत ते भारताचे लोक, एखाद्या राज्याचे लोक नव्हेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने हैदराबादचे तीन तुकडे केले आणि बीदर जिल्ह्यातून अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तीन तालुके काढून ते मुंबई राज्याला दिले. भालकी आणि औराद म्हैसूरकडे गेले. सातव्या घटनादुरुस्तीने ‘भाग ब’ राज्ये आणि राजप्रमुख ही पदे संपवली, आणि त्याच दुरुस्तीने ३७१ व्या अनुच्छेदात मराठवाड्यासाठी वेगळ्या विकास मंडळाची तरतूद आली. मंडळ प्रत्यक्षात स्थापन व्हायला १९९४ उजाडले. मराठवाड्याचे नेते महाराष्ट्रात बिनशर्त सामील झाले हे अभिमानाने सांगितले जाते. संविधानातील ही अट त्या बिनशर्तपणाची अर्धी भरपाई होती असे म्हटले तर वावगे होणार नाही.

देवणीच्या पूर्वेला आणि दक्षिणेला थोड्याच अंतरावर कर्नाटकाची हद्द लागते. त्या हद्दीपलीकडील बीदर जिल्ह्यातल्या मराठी गावांवरचा महाराष्ट्राचा दावा १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगासमोर गेला आणि २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. १३१ व्या अनुच्छेदाखालील या दाव्यात एका बाजूला महाराष्ट्र आणि दुसऱ्या बाजूला केंद्र व कर्नाटक आहे. केंद्र व राज्ये यांच्यातील आणि राज्याराज्यांतील वाद चालवण्यासाठी तो अनुच्छेद आहे आणि त्यात सरकारेच पक्षकार होऊ शकतात. भालकी किंवा औरादच्या मतदाराला, तो कोणत्याही बाजूचा असो, त्या न्यायालयात या प्रश्नावर स्वतःच्या नावाने उभे राहता येत नाही.